ताम्र आणि लोहित

आरसे आणि भिंगं आपसांत बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या एका लेझर यंत्राच्या पोटात ताम्र आणि लोहित नावाचे दोन किरण राहत. दोघेही कुणाला न दिसणारे. बाहेर खुर्चीवर पैठणी विणणाऱ्या भागाबाई बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यातली एक बारीक शीर गळत होती. ती मिटली नाही, तर नजर जाणार होती.

यंत्राच्या मधोमध एक स्फटिक होता. तो म्हणाला, "तुम्ही असेच गेलात तर रक्तातून आरपार निघून जाल. हिरवा किरण मात्र रक्तापाशी थांबतो. पण हिरवं व्हायचं तर दोघांना मिळून एक व्हावं लागेल."

"मग माझं काय उरेल?" ताम्रने विचारलं.

"दोघांचं बळ उरेल. नाव कुणाचंच उरणार नाही."

ताम्र स्फटिकातून एकटाच पुढे गेला. टोकाच्या आरशाने त्याला परत पाठवलं. येताना बाहेरचं बोलणं त्याच्या कानावर पडलं.

"डॉक्टर, मला रंग ओळखता येतील ना हो?" भागाबाई विचारत होत्या.

लोहित अजून स्फटिकापाशीच उभा होता.

"चल," ताम्र म्हणाला, "पण घट्ट धर मला."

दोघे आत शिरले आणि पलीकडून एकच हिरवा किरण बाहेर पडला. तो गळत्या शिरेवर जाऊन थांबला. शीर मिटली, आणि तोही तिथेच विझला.

"त्यातला ताम्र कुठला होता रे?" आरशाने विचारलं.

स्फटिकाने बराच विचार केला, पण त्याला सांगता आलं नाही.