दोघांत एक भिंत

त्या दिवशी सकाळपासून असा वारा सुटला होता, की गच्च्यांवरचे पत्रे खडखडत होते. शहरातल्या एका गल्लीत ‘निवांत’ आणि ‘गोकुळ’ ही दोन घरं अगदी चिकटून उभी होती. मधली भिंत दोघांत एकच. गोकुळात रोज खलबत्ता वाजे, की निवांतची झोपमोड होई. आदल्या दिवशीच निवांत गोकुळावर खेकसलं होतं, “गप्प बस की रे जरा!”

आज पलीकडून आवाजच येईना. निवांतला शंका आली. शेजाऱ्याला पाडायला तर काढलं नाही ना? मग या वाऱ्यात आपण टेकायचं कुणाला?

शेवटी त्यानं हळूच हाक मारली, “गोकुळदादा, आहेस ना रे?”

“आहे की! माणसं लग्नाला गेलीत. आणि गप्प बसलो तो तुझ्याच सांगण्यावरून. पण म्हणून तुझ्या पाठीला लावलेली पाठ काढून घेतली का मी?”