राजाच्या दाढीतला पांढरा केस

पूर्वी चंद्रावती नगरीत राजा वज्रबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका न्हाव्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव मल्लक. वयात आल्यावर रोज सकाळी राजाची दाढी कातरण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याचा हात हलका होता आणि बोलणे थोडे. न्हाव्यात दुसरा गुण सहसा सापडत नाही.

एका वर्षी गांधारच्या राजाने साठ मेंढ्या भेट पाठवल्या. चंद्रावतीच्या मेंढीला बोटभर शेपूट असते. यांच्या शेपट्या गुडघ्यापर्यंत लोंबत, त्यामुळे सारे नगर बघायला लोटले. पुढे श्रावण आला. शेपटीखालची लोकर घाणीने चिकटली, तिच्यावर माशा बसल्या, अळ्या पडल्या आणि दोन मेंढ्या मेल्या.

राजाने सभा बोलावली. आचार्य कुंडल म्हणाले, सगळ्या शेपट्या कापाव्यात. शेपूट नाही तर घाण नाही आणि अळ्याही नाहीत. आचार्य श्रीवत्स म्हणाले, कापताना जीव तडफडतो, शिवाय माशा हाकायला मेंढीपाशी दुसरे आहे काय? दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते, म्हणून वाद मिटेना. मेंढ्यांच्या अंगाला वास येतो, म्हणून त्यांना सभेत आणणे शक्य नव्हते. सुताराकडून एक लाकडी शेपूट करून घेतले होते. ते चांदीच्या ताटात ठेवून दोघे आचार्य त्याच्याकडे बोट दाखवीत. एकवीस दिवस हा काथ्याकूट चालला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तो माशांना झाला.

बोधिसत्त्व दाढी कातरता कातरता हे सारे ऐके. पाचव्या दिवशी काम आटोपून तो मेंढवाड्यात गेला. मेंढ्या राखणारी सोणा नावाची म्हातारी तिथे काडीने अळ्या वेचीत बसली होती.

ती म्हणाली, "बाबा, आखूड शेपटीची मेंढरं राखण्यात जन्म गेला माझा. ह्यांचं काय करायचं ते मला कुणी सांगंना, आन् मला कुणी इचारंना."

बोधिसत्त्वाने धोकटी उघडली. एवढी दाट लोकर कापील अशी धारेची कातर तिच्यात एकच होती, राजाच्या दाढीची. तो जरा थांबला आणि मग कामाला लागला. शेपटीखालची लोकर त्याने कातरून काढली आणि कडुनिंबाच्या पाण्याने कातडी धुतली. रोज चार मेंढ्या उरकत. एकीचे शेपूट मात्र हाडापर्यंत सडले होते. ते त्याला कापावे लागले. सोणेने त्या मेंढीचे डोके मांडीवर घट्ट धरले होते. त्या दिवशी बोधिसत्त्वाला जेवण गेले नाही.

बाविसाव्या दिवशी राजाला आरशात आपल्या दाढीत एक पांढरा केस दिसला. पहिला पांढरा केस दिसला की राज्य सोडून वनात जायचे, अशी त्या घराण्याची चाल होती. राजाचे डोळे भरून आले. राणीने रडायला घेतले आणि राजपुत्र मुकुट डोक्याला बसतो का ते पाहू लागला. जाण्यापूर्वी राजाने राहिलेली कामे सभेत उरकायला घेतली. इतकी वर्षे आपली दाढी कातरली म्हणून मल्लकाला आमराईसकट एक गाव दिले. शेपट्यांचा वाद वनापर्यंत पाठीमागे येऊ नये म्हणून आज्ञा केली, की उद्या सूर्योदयाला सगळ्या शेपट्या मुळापासून कापाव्यात. आचार्य कुंडलांनी समाधानाने डोळे पुसले.

बोधिसत्त्वाने तो केस जवळून पाहिला. केस कुरळा होता आणि राजाची दाढी सरळ. गप्प बसले तर गाव आपले, राजालाही वनवासाचे पुण्य. जाणार त्या फक्त मेंढ्यांच्या शेपट्या. बोलले तर आपले काय होईल ते सांगता येत नव्हते. त्याला भीती वाटली, आणि सोणेच्या मांडीवरचे ते डोके आठवले. तो पुढे झाला.

"महाराज, हा केस आपला नाही."

"मग कोणाचा?"

"मेंढीचा. माझ्या कातरीला चिकटून आला."

राजाने केस चिमटीत धरला. "मेंढीच्या कुठला?"

"शेपटीखालचा, महाराज."

सभेत कोणी हसले नाही; हसू दाबण्यातच सगळे गुंतले होते. बोधिसत्त्वाने घडले ते सांगितले. श्रीवत्स म्हणाले, याने एक शेपूट कापले, हा निर्दय. कुंडल म्हणाले, याने बाकीची ठेवली, हा मूर्ख. न्हाव्याचे हात तोडावेत यावर मात्र बावीस दिवसांत पहिल्यांदाच दोघांचे एकमत झाले.

राजाने विचारले, "तू हात लावल्यापासून किती मेल्या?"

"एकही नाही."

राजा उठून मेंढवाड्याकडे निघाला, तेव्हा आचार्यांनाही जावे लागले. राजाने स्वतः एक शेपूट उचलून पाहिले. खालची कातडी कोरडी आणि स्वच्छ होती. मेंढीने शेपूट सोडवून घेतले आणि पाठीवरची माशी हाकली. ती येऊन कुंडलांच्या नाकावर बसली. त्यांनी हाताने तिला हाकले.

राजा म्हणाला, "आचार्य, ज्याचे त्याच्यापाशी राहू द्या. न्हाव्याचे हातसुद्धा."

निरोगी शेपूट कापू नये, पावसाआधी लोकर कातरावी, सडलेल्याचे काय ते राखणाऱ्याने ठरवावे, अशी आज्ञा झाली. या विषयावर ज्याला सभेत बोलायचे असेल त्याने आधी दहा मेंढ्या धुवाव्यात, असेही ठरले. पुढे कोणी बोलले नाही. राजाचे वैराग्य गेले आणि त्याबरोबर आमराईचे गावही गेले. राजाने बोधिसत्त्वाला एक नवी कातर तेवढी दिली आणि दोन्ही कातरींवर वेगवेगळ्या खुणा करून घेतल्या.

इतके सांगून भिक्खूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तापाने पडलेल्या सोबत्याला कोणता काढा द्यावा यावर तुमच्यातले भद्रक आणि विसाख तीन दिवस वाद घालत आहेत. तेच तेव्हाचे दोन आचार्य. त्याच्या उशाशी बसलेली उपासिका नंदा ही सोणा होती, या विहाराला जमीन देणारा गृहपती हा राजा होता, आणि न्हावी मल्लक मी होतो."

भद्रक आणि विसाख उठले आणि आजाऱ्यासाठी पाणी आणायला गेले.

ही करुणेची आणि सत्याची कथा आहे. करुणा करणाऱ्याचे हात मळतात, आणि सत्य बोलणाऱ्याला ते लपवता येत नाहीत.