यात स्वयंपाक कोण करतं?

एकदा एका विद्यार्थिनीच्या मनाने फार दूरच्या इतिहासाचा ध्यास घेतला. हेमांगी तिचे नाव. समुद्रापलीकडच्या माया, इंका आदी प्राचीन लोकांविषयी मिळेल ते ती वाचू लागली. पण जितके वाचावे तितके मन खट्टू होई. जिकडे तिकडे तेच! सोन्याच्या राशी, नरबळी आणि ‘गूढरीत्या नाहीसे झालेले’ लोक. त्यांची मंदिरे परग्रहवासीयांनी बांधली, असेही एकाने ठोकून दिले होते. शेवटी हिरमुसून ती आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेली.

“गुरुजी, एक तरी चांगलं पुस्तक सांगा. नाहीतर मी हा विषयच सोडते.”

“तुझ्याजवळची सगळी पुस्तकं घेऊन उद्या संध्याकाळी जेवायलाच ये,” गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुस्तकांची चळत ओसरीवर आली. गुरुजींनी एकही पुस्तक उघडले नाही. एकेकावर बोट ठेवून ते विचारू लागले, “यात स्वयंपाक कोण करतं?”

हेमांगी गोंधळली. तरी आज्ञा म्हणून पाने चाळू लागली. सोनेरी वेष्टनांच्या ग्रंथांत राजे होते, पुरोहित होते, घनघोर युद्धे होती. पण घास कुणाच्याच तोंडी जात नव्हता. तळाशी एक बिनचित्रांचे पुस्तक होते. रुक्ष वाटून तिने ते कधीच बाजूला टाकले होते. ते उघडले मात्र, आणि ती वाचतच राहिली. बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवत होत्या, सकाळी पाट्यावर वाटून भाकऱ्या थापत होत्या. उंच पर्वतांवर थंडीने गोठलेले बटाटे उन्हात पसरून सारे घर ते पायांनी तुडवत होते. पाणी निघाले, की वर्षानुवर्षांची बेगमी!

“अहो, हे तर आपल्या कुरडया-सांडग्यांसारखंच!” ती हसून ओरडली.

गुरुजी म्हणाले, “बाळ, ज्याला फक्त सोनं दिसलं, तो लेखक उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. ज्याला चूल दिसली, तो घरात जाऊन आला. पण तेवढ्यावरही विसंबू नकोस. हे तुला कोणी सांगितलं, असं त्याला विचार. चांगला लेखक त्याचंही उत्तर देतो. आणि ‘गूढ’ हा शब्द बहुधा त्या लोकांचा नसतो, आपल्या अज्ञानाचा असतो.”

हेमांगीचे अर्धे लक्ष पुस्तकातच होते. एकाएकी ती ताठ बसली.

“गुरुजी, शेवटच्या प्रकरणात ‘मका वाटत असत’ नाही, ‘मका वाटतात’ लिहिलंय! म्हणजे ते लोक नाहीसे झालेच नाहीत. आजही आहेत! त्याच भाषा बोलतात, तोच मका रांधतात!”

तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. गुरुजींनी पश्चिमेकडे पाहिले. सूर्य मावळत होता.

“तिकडे आता उजाडलं असेल,” ते म्हणाले. “चुली पेटल्या असतील.”