राणीच्या गादीतल्या तीन गाठी

टुंग... टुंग... टुईंऽऽ. मी तुमच्याएवढा होतो ना, तेव्हा आमच्या गल्लीत हा आवाज यायचा. पिंजारी आलेला असायचा. गादीतला जुना, गोळे झालेला कापूस तो धनुकलीच्या, म्हणजे त्याच्या मोठ्या धनुष्याच्या, ताणलेल्या दोरीनं, तातेनं पिंजायचा आणि मऊ करायचा. अशाच एका पिंजाऱ्याची ही गोष्ट, बरं का.

एक होती राणी, शेवंता नावाची. तिला एक खोड होती. माणूस एकदा बघायचा आणि लगेच ठरवून टाकायचं. माळी दुपारी पेंगताना दिसला. "ऐदी मेला!" दासी हाकेला ओ देईना. "शिष्ट कुठली!" गवळ्याचं दूध पातळ लागलं. "लबाड!" एकदा म्हटलं की म्हटलं.

मग काय झालं, राणीच्या गादीत एक गाठ आली. मग दुसरी. मग तिसरी. राणीला झोपच येईना. गादी बदलली, तर गाठी नव्या गादीत! वैद्य झाले, तेलं झाली. राणी सुकत चालली.

मग एक दिवस राजवाड्यावरून मदारभाई पिंजारी चालला होता. त्याला आत बोलावलं. त्यानं अंगणात गादी उसवली, कापूस पिंजला. ढगासारखा ढीग झाला. पण तीन गाठी तशाच, सुपारीसारख्या टणक. पहिलीवर तात मारली, तर आतून राणीचाच आवाज आला, "ऐदी मेला!"

राणी दचकली. "अरे, हे काय रे?"

"ही माझ्यानं सुटायची नाही, सरकार. तो माळी असा का पेंगतो, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही बाई."

"मग बघून या की."

राणी माळ्याच्या घरी गेली. त्याच्या म्हाताऱ्या आईला काही आठवत नसे. रात्रभर ती चालत सुटायची. विहिरीत पडू नये म्हणून माळी तिच्या मागं मागं चालायचा. राणी परत आली. बघते तर काय, पहिली गाठ फुललेली!

"आणि दुसरीत काय असेल?" राणीला आता राहवेना. ती दासीकडे पळतच गेली. दासी म्हणाली, "बाईसाहेब, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही." आणि राणी रोज डावीकडूनच हाक मारायची! दुसरीही फुलली.

मग गवळी. राणी गेली, तर तो दुधात पाणीच ओतत होता! हसू नका रे.

"का रे बाबा असं करतोस?"

गवळ्यानं मान खाली घातली. "सवय लागली, सरकार. लाज वाटते, पण हात थांबत नाही."

राणीनं त्याच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "माझी जीभही तशीच आहे बघ. उद्या धार काढताना मी तुझ्याशेजारी बसते. तू हात आवर, मी जीभ आवरते."

तिसरी गाठ मात्र निम्मीच सुटली. "राहू दे," राणी म्हणाली, "सुटेल हळूहळू."

पुढं सगळे सुखानं राहिले, ते काय सांगायला हवं? डोळे मिटा आता. एवढंच उरलंय. मदारभाईनं गादी शिवली. "बघू बरं," म्हणत राणी पडली. "मदारभाई, तुम्हाला मी काय देऊ..." आणि बोलता बोलता तिला झोप लागली. भर दुपारी, अंगणातच.

मदारभाईनं धनुकली खांद्यावर घेतली. वहाणा हातात घेतल्या. आणि तो हळूच निघून गेला.