बाळाभाऊवरचा विनोद

रात्री कॉलेजच्या पोरांनी गजबजणाऱ्या पुण्यातल्या एका कॅफेत ओजस पहिल्यांदाच विनोद सांगायला उभा राहिला, आणि नेमका समोर येऊन बसला बाळाभाऊ. सगळा परिसर त्याला टरकून असे.

"माझ्यावर विनोद कर," भाऊ म्हणाला. "हसू आलं नाही तर बदडीन. अपमान झाला तरी बदडीन."

दाराशी भाऊची माणसं उभी होती.

"भाऊ," तो कसाबसा म्हणाला, "तुमच्यावर विनोद करायची हिंमत या शहरात एकाच माणसात आहे." आणि त्याने माइक भाऊपुढे धरला. "तुम्हीच सांगा."

भाऊ माइककडे बघतच राहिला. शेवटी तो खो खो हसला, तेव्हा कुठे बाकीचे हसले.

ओजस मात्र बाहेर येऊन पायरीवर मटकन बसला.