परतीचा वास

गोष्ट जुनी आहे आणि एका टाचेत घडलेली. शेळ्या राखणाऱ्या शेवंताच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, जंतू आत शिरले आणि तिला पाऊल टेकवेना.

तिच्या रक्तातून वाहत चाललेली एक पांढरी पेशी टाचेजवळ येताच शिरेच्या भिंतीला चिकटली. शेजारून जाणाऱ्या तांबड्या पेशीला नवल वाटलं.

"काय गं, थांबलीस का?"

"वास येतोय. कुणीतरी बोलावतंय."

"तुला ना नाक, ना डोळे! वाट कशी कळणार?"

"अंगभर चाखते. ज्या बाजूला वास जरा जास्त, तिकडं सरकते. मग पुन्हा चाखते."

"आणि सगळीकडून सारखाच आला तर?"

"तर समजायचं, पोचले."

तांबडीला राहवेना. "मग परत कशी येणार? परतीचा वास कसा असतो?"

पांढरी भिंतीच्या फटीतून निम्मी बाहेर गेली होती. "तो मला कधी आलाच नाही गं," ती म्हणाली आणि दिसेनाशी झाली.

तांबडी अंगभर फेऱ्या घालत राहिली. टाचेपाशी आली की पांढरीला शोधायची. एके दिवशी तिथं सूज नव्हती, ठणका नव्हता. पांढरीही नव्हती. टाच मात्र दणादण हादरत होती. शेवंता शेळ्यांमागे धावत होती.