माफीची चिंच

बसा, ऐसपैस बसा, पण मध्येच उठायचं नाही. जे सांगणार आहे ते बघून धामणदऱ्याची माणसं तेव्हा अशी हादरली, की अजून सावरलेली नाहीत.

फार वर्षांपूर्वी, माझ्या आज्याच्या आज्याचंही बारसं झालं नव्हतं तेव्हा, धामणदऱ्याच्या मशिदीच्या ओसरीवर मकतब भरायचा. मकतब म्हणजे लहान पोरांची शाळा. मुसलमानांची पोरं तर असायचीच, पण अक्षरं गिरवायला रायाजी पाटलाचा नातूही तिथंच. आणि गावाची चाल अशी, की पहिल्या दिवशी बाप पोराला घेऊन यायचा तो चिंचेचा ताजा फोक, म्हणजे मारायची बारीक छडी, तोडूनच. फोक उस्तादांपुढं ठेवायचा नि म्हणायचा, "पोर तुमचं, फोकही तुमचा." झालं! पोराचं तिथंच मुसमुसणं सुरू.

अशा गावात बुऱ्हान उस्ताद आले. ते थेट बगदादहून पायी आले असं म्हणतात. कुणी म्हणतं विजापूरहून. कुठून का येईनात, त्यांनी सगळे फोक कोपऱ्यात टाकून दिले आणि एकालाही हात लावला नाही. बाप मंडळी कुरकुरायला लागली. तेव्हा उस्ताद म्हणाले, "जुन्या काळच्या थोर आलिमांनी, म्हणजे विद्वानांनी, यावर आयुष्यं घालवलीत. पोराला आधी थोडं द्यावं, मग तेच फिरून द्यावं, मग खोलात न्यावं. धडा झाला की खेळू द्यावं, नाहीतर मन विझतं. कुणाचा ओढा कशाकडं आहे ते बघावं. गरिबाचं नि पाटलाचं एकाच चटईवर बसवावं. आणि रागात हात उचलू नये. मार खाऊन पोर शहाणं होत नाही, खोटं बोलायला शिकतं." पाटलानं कपाळाला हात लावला, पण पोरं मात्र पहाटेपासून मकतबाच्या पायरीवर येऊन बसायला लागली.

आता मकतबात एक नेम होता. लाकडी पाट्यांवर बोरूनं लिहिलेलं धुतलं, की ते पाणी रस्त्यावर टाकायचं नाही. त्यात अल्लाचं नाव विरघळलेलं असतं, त्यावर कुणाचा पाय पडायला नको. मागच्या अंगणात नेऊन ओतायचं. एके दिवशी मलंग पिंजाऱ्याच्या रुकय्याची पाळी होती. बाहेर खेळ रंगलेला. पोरीनं धीर न धरता ते पाणी भर रस्त्यात भिरकावून दिलं! उस्तादांनी ते पाहिलं. कोपऱ्यातला फोक कधी उचलला नि पोरीच्या तळहातावर सपकन कधी बसला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. रुकय्या रडलीसुद्धा नाही, नुसती हाताकडं बघत राहिली.

उस्ताद आपल्या शिकवायच्या गादीकडं फिरकलेही नाहीत. म्हणाले, "गावाला बोलवा."

गाव जमलं. आणि सगळ्यांच्या देखत, अहो, पांढऱ्या दाढीचा तो उस्ताद त्या चिमुरडीसमोर मातीत बसला आणि त्यानं स्वतःचा तळहात पुढं केला!

"बाळ, पाणी टाकलंस ही तुझी चूक. पण मी तुला शिकवायला मारलं नाही, माझा राग काढायला मारलं. असं मारणाऱ्यावर पोराचा हक्क लागतो, तेवढाच मार परत द्यायचा, असं थोरांचं सांगणं आहे. घे फोक. मार."

चूक पोरीची, आणि हात पुढं करतोय उस्ताद! पाटील ओरडला, "डोकं फिरलं का तुमचं? उद्या पोरं बापाला बडवतील!" मलंग पिंजारी हात जोडून लेकीला म्हणाला, "माफ म्हण गं! पाया पडतो तुझ्या, माफ म्हण!"

"कसं म्हणू, अब्बा?" रुकय्या म्हणाली. "दुखतंय अजून."

"मग मार," उस्ताद म्हणाले.

"मारणार पण नाही." तिनं तो वाळलेला फोक अंगणात खुपसला. "ह्याला पालवी फुटली की माफ."

वाळक्या काठीला पालवी! म्हणजे कधीच नाही. बायकांनी तोंडाला पदर लावले. उस्ताद एवढंच म्हणाले, "कबूल. तोवर मी गादीवर बसणार नाही."

आणि नाहीच बसले! पोरांमध्ये मातीत बसून शिकवायचे, आणि रोज पाट्यांचं पाणी त्या फोकाला घालायचे. लोक हसले, मग हसून हसून कंटाळले. फोक तसाच. वर्षं गेली, उस्तादांचे डोळे गेले. रुकय्या मोठी झाली नि त्याच मकतबात धाकट्यांना शिकवायला लागली. एकदा कळवळून म्हणाली, "उस्ताद, मी कधीच माफ केलंय हो."

ते हसले. "तू केलंस गं, पण फोकानं कुठं केलंय?"

मग एक दिवस एका पोरानं पाट्यांचं पाणी भर रस्त्यात भिरकावलं. रुकय्याच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं कोपऱ्यातला दुसरा एक फोक उचलला, हात वर नेला. पोरानं डोळे घट्ट मिटून तळहात पुढं केला. तो तळहात तिनं पाहिला मात्र, तिचा हात वरच राहिला. तिनं फोक खाली ठेवला. दुसरं पाणी आणलं, पोराचा हात धरून अंगणात गेली, आणि दोघांनी मिळून ते ओतलं.

"आपा, बघा!" पोर किंचाळलं.

वाळक्या फोकाच्या टोकाला कोवळी पालवी फुटली होती. गाव धावत आलं, आणि असं म्हणतात, की सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पानं उलगडत गेली. आंधळ्या उस्तादांना धरून आणलं. त्यांनी बोटांनी ती पानं चाचपली.

"रुकय्या, आता?"

"माफ, उस्ताद. माफ."

म्हातारा लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. मग आयुष्यात पुन्हा एकदा, शेवटचाच, गादीवर जाऊन बसला.

मकतब गेला, आता तिथं सरकारी शाळा आहे. चिंच मात्र उभी आहे, आणि पोरं अजून फळा पुसायचं फडकं पिळतात ते तिच्याच बुंध्याशी. तिचा फोक कुणी तोडत नाही. शाळेत नवा मास्तर येतो, कुठल्याही जातीधर्माचा असो, त्यानं पहिल्या दिवशी चिंचेखाली मातीत बसायचं आणि सगळ्यांत लहान पोरापुढं तळहात धरायचा. एक मास्तर हे ऐकून खो-खो हसला होता, तर सगळ्यांत लहान होती त्या पोरीनं त्याला दुपारपर्यंत ताटकळत ठेवला! पोर चिंचेचं एक पान त्या तळहातावर ठेवतं, आणि मगच मास्तर खुर्चीवर बसतो.